कलम ४८ आणि दुसरे महायुद्ध

दुसरे महायुद्ध का झाले, असा प्रश्न परीक्षेत आला म्हणजे आपली मुले ठरलेले उत्तर लिहितात. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्साय येथे जर्मनीवर अपमानकारक तह लादण्यात आला. त्यातून सूडाची भावना निर्माण झाली. हिटलर सत्तेवर आला. त्याने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर स्वारी केली आणि युद्ध पेटले. या उत्तरास गुण पूर्ण मिळतात. परंतु ज्या कुटुंबांनी माणुसकीच्या हक्कासाठी पिढ्यान्पिढ्यांचा धर्म सोडला, त्या कुटुंबांतील आईबापांनी आपल्या मुलांना एवढ्या उत्तरावर थांबू देऊ नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण या उत्तरातून एक फार मोठी गोष्ट गळून पडली आहे. हिटलरने राज्य बंड करून मिळविले नाही. १९२३ साली म्युनिक येथे त्याने बंडाचा एक प्रयत्न करून पाहिला होता. तो फसला आणि त्याबद्दल तो तुरुंगातही गेला. दहा वर्षांनी तो आला तो राज्यघटनेच्या दारातून आला, आणि आत आल्यावर त्याने ते दार आतून बंद केले. त्यानंतर साडेसहा वर्षांनी युद्ध झाले. मधल्या साडेसहा वर्षांत जर्मनीच्या कायद्याच्या पुस्तकात जे घडले, ते समजल्यावाचून युद्धाचे कारण समजणार नाही.

प्रथम व्हर्सायच्या तहाचा विचार करू. २८ जून १९१९ रोजी झालेल्या या तहाच्या २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनीवर आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. १९२१ साली भरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरविण्यात आली. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मन चलनाची अशी दशा झाली की, एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभराची शिल्लक पावाच्या एका लादीलाही पुरेना. या यातना खोट्या नव्हत्या, आणि विजेत्या राष्ट्रांनी दूरदृष्टी दाखविली असेही कोणी म्हणणार नाही.

तथापि कारण वेगळे आणि निमित्त वेगळे, हा भेद आम्हा वकिलांना रोजच करावा लागतो. जर्मनीच्या तक्रारींचे पुढे काय झाले हे तारीखवार पाहावे. १९३० च्या जूनमध्ये परकीय सैन्याने ऱ्हाइनकाठचा प्रदेश पूर्णपणे सोडला. जुलै १९३२ मध्ये लोझान येथील परिषदेत भरपाईचा प्रश्न व्यवहारतः निकालात निघाला. हिटलर तेव्हा अजून सत्तेवर यावयाचा होता. १९३५ साली त्याने सक्तीची लष्करभरती सुरू केली, १९३६ च्या मार्चमध्ये ऱ्हाइनप्रदेशात सैन्य घातले. कोणी हात धरला नाही. म्हणजे व्हर्सायच्या नावाने जी थकबाकी होती ती बहुतांशी वसूल झाली होती. असे असता ५ नोव्हेंबर १९३७ रोजी हिटलरने आपले सेनापती आणि परराष्ट्रमंत्री यांना बोलावून जे मनोगत सांगितले, त्याची नोंद कर्नल हॉसबाख या त्याच्या लष्करी सहायकाने करून ठेवली, आणि ती पुढे न्युरेंबर्गच्या न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाली. त्या नोंदीचा गाभा तहाची दुरुस्ती हा नाही. जर्मन वंशाला राहावयास अधिक भूमी पाहिजे आणि ती बळाने घेतली पाहिजे, हा आहे. ज्या वादीची बहुतेक बाकी फिटली आहे तो पुन्हा फिर्याद घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात वसुली नसते, दुसरे काही असते. ते दुसरे काही म्हणजे काही वंश राज्य करण्यास जन्मले आहेत आणि काही त्यांची सेवा करण्यास, ही कल्पना. ही कल्पना युरोपला नवी वाटली असेल. आपल्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

परंतु असल्या कल्पना पुष्कळांच्या डोक्यात असतात. त्या राज्यसत्तेवर कशा बसतात, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीने जी राज्यघटना केली, ती वायमार या गावी संमत झाली म्हणून वायमारची राज्यघटना या नावाने ओळखली जाते. ११ ऑगस्ट १९१९ रोजी तिच्यावर सही झाली. तिचा मसुदा मुख्यतः ह्यूगो प्रॉइस या कायदेपंडिताने केला. प्रॉइस हे ज्यू होते, आणि बर्लिन विद्यापीठाने त्यांच्या विद्वत्तेस साजेसे प्राध्यापकपद त्यांना कधी दिले नाही. ज्यांना समाजाने दाराबाहेर उभे केले, त्यांच्याच हातून सर्वांसाठी दार उघडण्याचा दस्तऐवज लिहून घेण्याची पाळी इतिहासात एकदाच आली असे नाही. या घटनेत स्त्रियांना मत होते, कायद्यापुढे सर्व जर्मन समान असल्याची ग्वाही होती, नागरी हक्क धर्मावर अवलंबून राहणार नाहीत असे कलम होते. त्या काळच्या जगात तिच्याइतक्या उदार घटना फार थोड्या होत्या.

आणि तिच्यात कलम ४८ होते. सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आली तर देशाच्या अध्यक्षाने आवश्यक ते उपाय योजावेत, प्रसंगी सैन्य वापरावे, आणि व्यक्तिस्वातंत्र्य, घराची अनाक्रम्यता, पत्रव्यवहाराची गुप्तता, भाषण, सभा, संघटना व मालमत्ता या सात हक्कांची कलमे तात्पुरती स्थगित करावीत, असा अधिकार या कलमाने दिला. लोकसभेला, म्हणजे राइशस्टागला, असे उपाय रद्द करण्यास भाग पाडण्याचा अधिकार होता खरा. पण दुसऱ्या एका कलमाने अध्यक्षाला राइशस्टागच विसर्जित करता येत असे. कायद्याचा अभ्यास करीत असताना आम्हांस हे कलम दोन ओळींत सांगून संपविण्यात आले होते. त्या दोन ओळींत काय दडले होते हे फार उशिरा ध्यानात आले.

पहिले अध्यक्ष एबर्ट हे लोकशाहीवादी होते. त्यांनीही हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले. बंडे मोडण्यासाठी वापरले, चलनाच्या संकटात वापरले. हेतू चांगला होता. पण चांगल्या माणसाच्या हातून एखादे हत्यार वारंवार वापरले गेले म्हणजे लोकांना त्या हत्याराची भीती वाटेनाशी होते, हा त्याचा दुष्परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. १९२९ साली जागतिक मंदी आली आणि १९३२ च्या आरंभी जर्मनीत सुमारे ६० लक्ष माणसे बेकार होती. पक्षांचे एकमेकांशी जमेना. १९३० च्या जुलैमध्ये राइशस्टागने एक वटहुकूम नामंजूर केला, तेव्हा अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी राइशस्टाग बरखास्त केले आणि तोच वटहुकूम पुन्हा काढला. १९३२ साली लोकसभेने संमत केलेले कायदे अवघे पाच. वटहुकूम मात्र त्यांच्या दसपटीहून अधिक. हिटलर येण्यापूर्वीच लोकप्रतिनिधींवाचून राज्य चालते, अशी सवय त्या देशाला लागली होती.

नाझी पक्षाला १९२८ मध्ये राइशस्टागात १२ जागा होत्या. १९३० मध्ये त्या १०७ झाल्या आणि जुलै १९३२ मध्ये २३०. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्या १९६ वर उतरल्या आणि मते शंभरात ३३. ही आकडेवारी मुद्दाम देत आहे, कारण बहुसंख्य जर्मनांनी हिटलरला निवडून दिले, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. मोकळ्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीही मिळालेले नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला पंतप्रधानपद दिले ते वृद्ध अध्यक्षाने, काही जमीनदार व पुराणमतवादी मुत्सद्द्यांच्या सल्ल्यावरून. आणि त्या मुत्सद्द्यांची समजूत अशी की, या माणसाला आपण मुठीत ठेवू.

पुढचे सारे दोन महिन्यांच्या आत उरकले. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टागच्या इमारतीस आग लागली. दुसऱ्याच दिवशी कलम ४८ च्या आधारे वटहुकूम निघाला आणि वर सांगितलेले सातही हक्क स्थगित झाले. ते ‘तात्पुरते’ स्थगित झाले होते. नाझी राज्य संपेपर्यंत, म्हणजे बारा वर्षे, ते परत आले नाहीत. या वटहुकुमाच्या बळावर हजारो विरोधक कोठडीत गेले. ५ मार्चच्या निवडणुकीत एवढे करूनही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. २३ मार्च रोजी अधिकारप्रदान कायदा मांडण्यात आला. मंत्रिमंडळाने लोकसभेला न विचारता कायदे करावेत, आणि ते कायदे राज्यघटनेशी विसंगत असले तरी चालतील, हा त्याचा मतितार्थ. घटनादुरुस्तीस दोनतृतीयांश मते लागत. कम्युनिस्टांचे ८१ सभासद तुरुंगात किंवा भूमिगत होते, सभागृहाच्या भिंतींना लागून गणवेशातील नाझी स्वयंसेवक उभे होते. ४४४ मते बाजूने पडली, ९४ विरुद्ध. विरुद्ध पडलेली सर्व मते समाजवादी लोकशाही पक्षाची होती. त्यांचे नेते ओटो व्हेल्स यांनी त्या सभागृहात उभे राहून विरोधाचे भाषण केले. वायमारची राज्यघटना नंतरही औपचारिकपणे कधी रद्द करण्यात आली नाही. ती तशीच कागदावर राहिली, आणि तिच्याच एका कलमाने तिच्या उरलेल्या साऱ्या कलमांचा जीव घेतला.

यानंतर काय झाले ते ज्यू नागरिकांच्या बाजूने पाहिले पाहिजे. ते लोकसंख्येच्या शंभरात एकही भरत नव्हते. ७ एप्रिल १९३३ रोजी सरकारी नोकरीच्या ‘पुनःस्थापने’चा कायदा झाला, नाव किती निरुपद्रवी! त्याने ज्यू अधिकारी, शिक्षक व न्यायाधीश यांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच दिवशीच्या दुसऱ्या कायद्याने ज्यू वकिलांच्या सनदांना हात घातला. ज्यांनी पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढून देशासाठी रक्त सांडले होते त्यांना तूर्त सूट मिळाली. १९३८ साली ज्यू वकिलांची उरलीसुरली वकिलीही बंद झाली. पलटणीत पराक्रम गाजवूनही ज्यांच्या पणजोबांची भरती सरकारने एका फटकाऱ्यासरशी थांबविली होती, त्यांना या सुटीची किंमत कळेल.

१५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबर्ग येथे दोन कायदे झाले. एकाने देशात दोन प्रकारची माणसे निर्माण केली: जर्मन रक्ताचे ते राज्याचे नागरिक, बाकीचे केवळ प्रजाजन. दुसऱ्याने ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह हा गुन्हा ठरविला, आणि ज्यू घरात पंचेचाळीस वर्षांखालील जर्मन स्त्रीने घरकाम करण्यासही बंदी केली. शिवाशिव आणि बेटीबंदी ही ज्यांच्या घरी ऐकून-भोगून माहीत आहे, त्यांना हे कायदे वाचताना आपण परक्या देशाचा इतिहास वाचत आहोत असे वाटत नाही. अशा विवाहबंदीचा नमुना शोधताना नाझी कायदेपंडितांनी अमेरिकेतील राज्यांच्या कृष्णवर्णीयांविषयीच्या कायद्यांचाही अभ्यास केला होता. ५ जून १९३४ च्या त्यांच्या बैठकीत त्याची चर्चा झाली.

आता ज्यू कोणास म्हणावयाचे? येथे कायदा मोठ्या अडचणीत आला. रक्ताचा पुरावा रक्तात सापडेना. तेव्हा १४ नोव्हेंबर १९३५ च्या पूरक नियमाने ठरविले की, आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असले म्हणजे मनुष्य ज्यू. आणि आजोबा ज्यू होते की नाही ते कसे ओळखावयाचे, तर त्यांचे नाव ज्यू धर्मसंस्थेच्या नोंदवहीत होते की नाही त्यावरून. वंशाच्या नावाने केलेल्या कायद्याला शेवटी धर्माच्या नोंदवहीचाच आधार घ्यावा लागला, ही विसंगती त्या राज्यातील एकाही न्यायालयाने बोलून दाखविली नाही. याचा परिणाम असा झाला की, ज्याने स्वतः धर्म बदलला होता त्याला त्या बदलाचा काही उपयोग राहिला नाही. एडिथ श्टाइन या ज्यू कुळात जन्मलेल्या तत्त्वज्ञ विदुषीने १९२२ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ती ख्रिस्ती संन्यासिनी झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये तिला ऑश्विट्झ येथे विषारी वायूने मारण्यात आले. मनुष्याने स्वतःच्या विवेकाने घेतलेला निर्णय खोटा, आणि त्याच्या आजोबाचा जन्म मात्र खरा, हे त्या राज्याचे धर्मशास्त्र होते. जुनी वस्ती, जुने आडनाव आणि जुना व्यवसाय विचारून मग आपल्याशी बोलणारी माणसे ज्यांना भेटतात, त्यांनी यावर अवश्य विचार करावा.

नोव्हेंबर १९४१ च्या आणखी एका नियमाने देशाबाहेर नेलेल्या ज्यूचे नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही आपोआप संपुष्टात आली. म्हणजे हद्दपारीच्या गाडीने सीमा ओलांडली की तिच्यातील माणसे बिनदेशाची, आणि त्यांची घरे सरकारजमा! सुमारे ६० लक्ष ज्यूंची हत्या झाली. प्रत्येक पायरीला कलम होते, राजपत्रात प्रसिद्धी होती, कारकुनाची सही होती.

ज्यूंच्या छळामुळे पोलंडवर स्वारी झाली, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे असे आहे की, ज्या कायद्यांनी एका लहान समाजाचे हक्क काढून घेतले, त्याच कायद्यांनी साऱ्या देशाचा नकार देण्याचा अधिकारही काढून घेतला. मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडल्या. जुलैमध्ये एकाच पक्षाखेरीज सर्व पक्षांना बंदी झाली. ऑक्टोबरमध्ये संपादकांवर कायदा आला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये हिंडेनबुर्ग वारले आणि सैनिकांनी शपथ घेतली ती राज्यघटनेशी निष्ठेची नव्हे, ॲडॉल्फ हिटलर या व्यक्तीशी निष्ठेची. त्याच महिन्यात अधिकारी व न्यायाधीशांनाही तसलीच शपथ लावण्यात आली. आता १९१४ आणि १९३९ यांची तुलना करा. ४ ऑगस्ट १९१४ रोजी कैसरच्या राज्यातसुद्धा युद्धाच्या खर्चास लोकसभेची मंजुरी मागावी लागली होती. १ सप्टेंबर १९३९ रोजी लोकसभेचे सभासद बोलाविले ते भाषण ऐकून टाळ्या वाजविण्यासाठी.

सामान्य जर्मनाला युद्ध हवे होते काय? २७ सप्टेंबर १९३८ रोजी, म्युनिक कराराच्या दोनच दिवस आधी, बर्लिनच्या रस्त्यांवरून रणसज्ज सैन्य मुद्दाम फिरविण्यात आले. लोकांनी जयघोष केला नाही. ते मान फिरवून वाटेला लागले. सरसेनापतींच्या कार्यालयातील जनरल बेक यांनी युद्धाच्या योजनेला विरोध म्हणून त्याच वर्षी राजीनामा दिला. नकार होता. तो व्यक्त करण्याची सभा, वृत्तपत्र, संघटना, न्यायालय, मतपेटी यांपैकी एकही जागा शिल्लक नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात बोलले, तेव्हा युद्ध ऐन भरात होते. युरोपातील लोकशाह्या इतक्या सहज का कोसळल्या, याचीच त्यांनी त्या भाषणात चिकित्सा केली, आणि समतेकडे पाठ फिरवून केवळ स्वातंत्र्याचा जप करणारी लोकशाही टिकत नाही, असे निदान केले. ६० लक्ष बेकारांच्या देशाकडे पाहता हे निदान खोडून काढणे कठीण आहे.

विजेत्या राष्ट्रांचे हातही समतेच्या बाबतीत स्वच्छ नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९१९ साली पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाची घटना होत असता, सर्व राष्ट्रांच्या प्रजाजनांना वंशभेद न करता समान वागणूक मिळावी, असे वाक्य घालण्याची सूचना जपानने केली. समितीच्या १७ मतांपैकी ११ मते अनुकूल पडली. परंतु ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांचा कडवा विरोध होता, आणि अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी एकमत नाही या कारणास्तव ती फेटाळली. जपानच्या सद्‌हेतूबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्याच वर्षी तो कोरियातील जनतेला गोळ्या घालीत होता, आणि १९३१ नंतर चीनमध्ये त्याने जे केले ते वंशाच्या अहंकाराचेच दुसरे रूप होते. पण जगाच्या पहिल्या घटनेत समतेचे एक वाक्य बसू शकले नाही, ही नोंद राहिलीच.

परिणामांचा हिशेब अवघड आहे. सहा कोटींहून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक निःशस्त्र नागरिक. एकट्या सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लक्ष. हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांवर तीन दिवसांच्या अंतराने अणुबाँब पडले. हिंदुस्थानला तर युद्धात ओढण्यात आले ते विचारल्यावाचून. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी परस्पर घोषणा केली. सुमारे २५ लक्ष भारतीय सैन्यात गेले, पुष्कळसे पोटासाठी. सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली ती याच युद्धाच्या निकडीने. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बंगालमध्ये १९४३ साली दुष्काळाने, आणि युद्धकालीन कारभाराच्या बेपर्वाईने, काही अंदाजांप्रमाणे ३० लक्ष माणसे दगावली. तेथे एकही लढाई झाली नव्हती. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. यांना हिटलरने हाकलले नव्हते. पोलंडचा पूर्व भाग स्टालिनने घेतला तेव्हा त्यांना सैबेरियाकडे नेण्यात आले होते, आणि तेथून सुटून इराणमार्गे ती बायकामुले पंचगंगेच्या काठी आली. ज्यांना कोणताच देश आपला म्हणेना, त्यांना पाणी पाजणारी भूमी आपली होती, एवढे आपण अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

युद्ध संपल्यावर न्युरेंबर्ग येथेच खटला चालला. २० नोव्हेंबर १९४५ रोजी तो सुरू झाला, ऑक्टोबर १९४६ मध्ये बारा आरोपींना फाशीची शिक्षा झाली. पुढे १९४७ मध्ये नाझी न्यायाधीश व कायदाधिकारी अशा १६ जणांवर स्वतंत्र खटला होऊन १० जण दोषी ठरले. अन्याय्य कायदा केवळ राबविला, ही सबब न्यायाधीशालाही पुरणार नाही, हे तेथे ठरले. मात्र मुख्य खटल्याच्या निकालात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हे हे युद्धाशी निगडित असतील तरच न्यायालयाच्या कक्षेत येत. त्यामुळे १ सप्टेंबर १९३९ पूर्वीच्या छळाबद्दल, म्हणजे १९३३ आणि १९३५ च्या त्या सर्व कायद्यांखाली जे घडले त्याबद्दल, मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही मर्यादा सनदेत का घातली? सनदेची वाटाघाट करताना अमेरिकेचे प्रतिनिधी रॉबर्ट जॅक्सन यांनीच कबूल केले होते की, आपल्याही देशात अल्पसंख्याकांना कधी कधी अन्यायाने वागविले जाते. प्रत्येक राष्ट्राला आपले घर झाकावयाचे होते. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ साली जे भिन्न निकालपत्र लिहिले, त्यातही साम्राज्यवाल्यांना दुसऱ्यास आक्रमक म्हणण्याचा काय अधिकार, हा सूर आहे. त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. सर्व आरोपी निर्दोष, हे त्यांचे उत्तर मात्र मला पटत नाही. नानकिंगच्या मृतांना त्यात काहीच मिळत नाही.

न्युरेंबर्गने जी फट ठेवली ती बुजविण्याचा प्रयत्न १९४८ च्या हिवाळ्यात झाला. ९ डिसेंबर रोजी वंशसंहाराविरुद्धचा करार संमत झाला, आणि त्यात शांततेच्या काळातील वंशसंहारही गुन्हा ठरला. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबर रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला. ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते, ते बदलून ‘सर्व मानव’ करावयास लावले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. अठराव्या कलमात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. एडिथ श्टाइनला जे नाकारले गेले ते हेच. या जाहीरनाम्याच्या अकराच दिवस आधी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत आपल्या घटनासमितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले होते.

जर्मनीनेही धडा घेतला. १९४९ च्या तिच्या नव्या मूलभूत कायद्यातील ७९ व्या कलमाने ठरविले की, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही राज्याची मूळ तत्त्वे कितीही मोठ्या बहुमताने बदलता येणार नाहीत. ही कल्पना भारतात आली ती एका जर्मन विद्वानाबरोबर. हायडेलबर्ग विद्यापीठाचे डीट्रिश कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात व्याख्यान दिले आणि विचारले: दोनतृतीयांश बहुमत मिळाले तर तुमची संसद जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण देणारे २१ वे कलमच काढून टाकू शकते काय? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने घटनेचा मूळ ढाचा बदलता येणार नाही असा निर्णय दिला, आणि न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांच्या विचारांचा उल्लेख आला.

तरीही आपल्या घटनेत कलम ४८ ची छाया होती. ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत हरि विष्णू कामत यांनी आणीबाणीच्या कलमांवर बोलताना वायमारचेच उदाहरण देऊन इशारा दिला होता. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली, आणि दोन दिवसांनी निघालेल्या आदेशाने २१ व्या कलमासाठी न्यायालयाचे दार बंद झाले. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी सांगितले की, या काळात स्थानबद्ध माणसाला अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. एकट्या खन्ना यांनी भिन्न मत दिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश करण्यात आले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने यापुढे आणीबाणीतही २० व २१ ही कलमे स्थगित होणार नाहीत असे ठरले. जबलपूर खटल्याचा निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगून तो रद्दबातल ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. त्यास एकेचाळीस वर्षे लागली, आणि तोपर्यंत ते चौघेही न्यायमूर्ती निवृत्त होऊन कित्येक वर्षे लोटली होती.